नांदेडला जा, पण काम काढू नका

औंढा, जवळाबाजार, शिरड शहापूर, सिद्धेश्वर या पट्ट्यातलं प्रत्येक घर नांदेडला जाऊन आलेलं असतं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन तिथंच झालेलं असतं, लग्नाचा बस्ता तिथंच बांधलेला असतो, पोराची नीटची शिकवणी तिथंच चालू असते. तरी कुणालाही विचारा, ‘नांदेडात बघण्यासारखं काय आहे?’ उत्तर ठरलेलं, ‘गुरुद्वारा आहे की.’ आणि तो आतून नीट कधी बघितला, असं विचारलं की बहुतेक जण शाळेच्या सहलीची आठवण काढतात. डॉक्टर लेनमधल्या बाकड्यावर नंबर यायची वाट बघण्यात आपला जेवढा वेळ गेला, त्याच्या पावपटही शहर बघण्यात गेलेला नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत अवघड सूचना: एक दिवस नांदेडला काहीही काम न काढता जा. हे बोलायला सोपं. तुम्ही जाणार हे गल्लीत कळलं की ‘जाताच आहात तर’ सुरू होतं. जाताच आहात तर तेवढी पत्रिका टाकून या, रिपोर्ट घेऊन या, मिक्सरचं भांडं बदलून आणा. यातलं एक काम जरी पदरात घेतलं तरी दुपारचे दोन तिथंच वाजतात आणि उरलेला दिवस ऑटोत जातो. शक्यतो आदल्या रात्रीपर्यंत कुणाला सांगूच नका.

दुसरी सूचना बघण्याच्या क्रमाची आहे. शहर बघायला निघालेला माणूस यादी करतो आणि बसस्टँडपासून जे जवळ, तिथून सुरुवात करतो. सिद्धेश्वरच्या माणसाला नांदेड बघण्याची याहून चांगली वाट आहे. ती म्हणजे पाण्याची. येलदरीतून सुटलेलं पाणी आपल्या सिद्धेश्वर धरणात येतं. कालव्यात जाऊन उरतं ते पूर्णेतून खाली वाहतं, पूर्णा नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीला मिळते आणि तेच पाणी विष्णुपुरीला जाऊन थांबतं. पावसाळ्यात आपल्याकडचे दरवाजे उघडले की नांदेडच्या नदीकाठच्या वस्त्यांना सावधानतेचा इशारा दिला जातो, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. तेव्हा दिवसाची सुरुवात विष्णुपुरीला करा आणि मग नदीच्या कडेनं शहरात शिरा. या क्रमानं गेलं की शहराला एक सूत सापडतं. धावपळही वाचते, कारण लांबचं ठिकाण सकाळीच उरकतं आणि बाकीची सगळी एकमेकांजवळ आहेत.

कधी जावं, याबद्दल फार बोलायला नको. दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या अलीकडे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात कुणी हौसेनं घाट बघायला जाऊ नये. पावसाळ्यात जायचंच असेल तर आधी आपल्या धरणाची बातमी घ्या. वरून विसर्ग सुरू असेल तर नांदेडचे घाट पाण्याखाली जायला वेळ लागत नाही, मग नदीच्या बाजूचा अर्धा कार्यक्रम सोडूनच द्यावा लागतो. दसरा आणि होळी या दोन वेळा वेगळ्या. तेव्हा शीख भाविकांची मोठी मिरवणूक निघते, घोडे आणि शस्त्रं घेऊन ‘हल्लाबोल’ होतो आणि देशभरातून माणसं येतात. तो सोहळा एकदा बघावा, पण शहर बघण्याचा दिवस म्हणून तो निवडू नये. गर्दीत शहर दिसत नाही.

सिद्धेश्वरहून औंढ्याला आणि औंढ्याहून वसमतमार्गे नांदेडला, ही सरळ वाट. पहाटेच निघा. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन पुढं जाऊ, असा मोह घरातल्या ज्येष्ठांना होणारच. तो या दिवसापुरता आवरायला सांगा, रस्त्यावरूनच हात जोडा. नागनाथ आपल्या घरचा आहे, कोणत्याही सोमवारी भेटतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ते लागतच नाही आणि पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांना निम्मं लागतं. आधारकार्ड मात्र जवळ हवं. रेल्वेची हौस असेल तर वसमतहून पूर्णेमार्गे गाडीनंही जाता येतं, पण गाड्यांच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असं नाही. दशम्या, ठेचा, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासाठी एक स्वच्छ रुमाल किंवा उपरणं आणि काढ-घाल करायला सोपी चप्पल एवढं घ्या. रुमाल कशाला, ते पुढं येईलच. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी घरी ठेवा. गुरुद्वाऱ्याच्या आवारात ती चालत नाही आणि ‘खिशात आहे, खात नाही’ हा युक्तिवाद तिथं उपयोगाचा नाही.

बसस्टँडवर उतरलात की चहा घ्या आणि विष्णुपुरीकडे जाणारी सिटी बस किंवा ऑटो पकडा. ऑटोचं भाडं बसण्याआधी ठरवा. आपल्या भागातल्या लोकांना विष्णुपुरी म्हटलं की सरकारी दवाखाना आठवतो. तिथंच गोदावरीच्या काठावर काळेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, हे दवाखान्यात चार-चार दिवस काढलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं. मंदिराच्या घाटावर बसून समोर पसरलेलं पाणी बघा. हा शंकरसागर जलाशय. डॉ. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्प ही मोठी उपसा सिंचन योजना आहे. नदी खाली आणि शेतं वर, म्हणून पाणी पंपानं उचलून कालव्यात टाकावं लागतं. आपल्याकडे धरणातून पाणी उतारानं वसमतच्या ऊस-हळदीपर्यंत आपोआप जातं, त्यामुळे हा फरक आपल्या डोळ्याला लगेच कळतो. पोरं बरोबर असतील तर त्यांना तो घाटावर बसूनच समजावा, पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील. बंधाऱ्यावर जायचा हट्ट धरू नका, मंदिराकडून दिसतं तेवढं पुरे.

शंकरराव चव्हाणांचं राजकारण नांदेडच्या नगरपालिकेतून वर आलं. त्यांनी पाटबंधारे खातं दीर्घकाळ सांभाळलं आणि १९७५ व १९८६ असे दोनदा ते मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातल्या धरणांचा इतिहास त्यांचं नाव टाळून सांगता येत नाही. याच परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, स्थापना १७ सप्टेंबर १९९४. तारीख मुद्दाम मुक्तिसंग्राम दिनाची. हिंगोली जिल्ह्यातली कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली असल्यानं आपल्या घरातल्या मार्कमेमोवर त्याचंच नाव असतं. आत जाऊन बघण्याची गरज नाही. मुलगी बारावीत असेल तर मात्र गेटपर्यंत नेऊन आणा.

दहा-साडेदहापर्यंत शहरात परता आणि नदीच्या काठानंच या. नगिना घाट आणि बंदा घाट जवळजवळ आहेत, पायी होतात. नगिना घाटाची कथा अशी सांगतात, की एका श्रीमंत भाविकानं गुरू गोविंदसिंगांना मौल्यवान नग भेट दिला आणि त्यांनी तो गोदावरीत टाकून दिला. बंदा घाटाची गोष्ट कथेपेक्षा इतिहासाच्या जवळची आहे. माधोदास नावाचा बैरागी इथं गोदावरीकाठी मठ करून राहत होता, मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा. १७०८मध्ये त्याची आणि गुरूंची गाठ पडली, तो शिष्य झाला, बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि १७१०मध्ये त्यानं सरहिंद जिंकलं. पंजाबच्या इतिहासाला वळण देणारा माणूस आपल्या गोदावरीच्या काठावरून उठून गेला. घाटावर उभं राहून हे आठवलं की समोरचं पाणी निराळं दिसतं, जरी ते पाणी नेहमी स्वच्छ असेलच असं नाही. शहराचं सांडपाणी नदीत येतं, ही नांदेडची जुनी दुखरी जागा आहे. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका.

आता तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब. इथं घाई केलीत तर आल्याचा उपयोग नाही, निदान दोन-अडीच तास ठेवा. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. गुरू गोविंदसिंग ऑक्टोबर १७०८मध्ये नांदेडलाच निवर्तले. आपल्यानंतर देहधारी गुरू नाही, ग्रंथसाहिब हाच गुरू, हे त्यांनी इथंच सांगितलं. जिथं त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, ती आतली जागा म्हणजे अंगीठा साहिब. आज दिसणारी मूळ वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि बांधकामाचा खर्च लाहोरहून येत होता! २००८मध्ये गुरुगद्दीची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा नांदेडचे रस्ते, पूल, घाट असं पुष्कळ काही बदललं. ज्यांनी त्याआधीचं नांदेड बघितलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

पायऱ्यांआधी चप्पल जोडेघरात द्या, पाय धुवा, रुमाल डोक्याला बांधा. टोपी चालत नाही. बायकांनी पदर किंवा ओढणी डोक्यावर घ्यावी. आत बोलणं बंद, मोबाइल खिशात. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा. एवढं पाळलं की जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. दारावरच्या बाबाजींशी हिंदीत बोलण्याची धडपडही करू नका. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेले हुजुरी शीख तुमच्या-आमच्याइतकं मराठी बोलतात, कधीकधी वर्‍हाडी पाहुण्यापेक्षा चांगलं.

आत बसलात की एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण हिंगोली जिल्ह्याच्या माणसासाठी या सबंध दिवसातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. समोर ज्या ग्रंथाला सगळे माथा टेकवतात, त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. नरसी नामदेव आपल्याच जिल्ह्यातलं. नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढ्याला, असं आपण मानतो. कीर्तनाला मागं बसवल्यावर देऊळच नामदेवांकडे फिरलं, ही कथा तर आपल्याकडे लहान पोरंही सांगतात आणि नंदी मागच्या बाजूला का, याचं उत्तर म्हणून दाखवतात. देऊळ फिरल्याचा तो प्रसंग ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदातही आहे. नामदेव पुढं पंजाबात गेले, तिथं घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. २०१५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. म्हणजे आपल्या तालुक्यातली गोष्ट पंजाबात गेली, ग्रंथात बसली आणि गुरूंबरोबर गोदावरीकाठी परत आली. सकाळी औंढ्याला बसमधून हात जोडलेत आणि दुपारी इथं माथा टेकलात, तो रस्ता असा एकच आहे. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसनं आलेल्या भाविकाला हे सांगून बघा. ‘नामदेवांच्या गावचे’ म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बघण्यासारखं असतं.

ज्यांना एक रात्र राहता येईल, त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. संध्याकाळी आरती होते आणि गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात. मध्यरात्र उलटल्यावर एक सेवेकरी घागर घेऊन गोदावरीवर जातो, ते पाणी आणून अंगीठा साहिबचं स्नान होतं. हा नेम रोजचा आहे. घागरीत आपल्या पूर्णेचंही थोडं पाणी असणार, असं मनात आणायला हरकत नाही. राहण्यासाठी गुरुद्वारा बोर्डाची यात्री निवासं आहेत. ओळखपत्र लागतं आणि सणावाराला जागा मिळणं कठीण. गोविंदबागेत संध्याकाळी दहा गुरूंच्या चरित्रावर लेसर शो असतो, तो चालू आहे का हे आवारात विचारून घ्या. परतीची बस पकडायची असेल तर या तिन्हींचा नाद सोडा.

जेवण लंगरमध्ये. याला दुसरा पर्याय मी सुचवणार नाही. आपल्याकडची काही मंडळी लाजतात, ‘फुकटचं कसं जेवायचं’ म्हणतात. पंगतीत बसल्यावर हा संकोच आपोआप जातो. शेजारी ट्रक ड्रायव्हर असतो, पलीकडं कॅनडाहून आलेलं कुटुंब. डाळ, भाजी, पोळी, कधी खीर. पोळीसाठी दोन्ही हात पुढं करायचे, ताटात टाका म्हणायचं नाही. हवं तेवढं मागा, पण ताटात काही ठेवू नका. मनाला बोचतच असेल तर दानपेटी आहे आणि त्याहून चांगलं म्हणजे भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला बसा. पोळ्या लाटणाऱ्या बायकांत आपली माणसं सहज सामावतात आणि पोरांना घासाघाशीची मजा वाटते. घरी हीच पोरं ताट उचलत नाहीत, ते सोडा. बरोबर आणलेल्या दशम्या परतीच्या वाटेवर खाव्यात.

जेवणानंतर ऊन टळेपर्यंत आवारातच सावलीत टेका. मग बाहेरच्या दुकानांतून फिरा. कडं, फेट्याचं कापड, लाकडी कंगवे, पंजाबी जुत्या अशा जिनसा आपल्या बाजारात दिसत नाहीत. पोरांना कडं घेऊन द्या. खेळण्यातल्या तलवारीला नाही म्हणा, बसमध्ये त्रास होतो.

पुस्तकं वाचणारं कुणी घरात असेल तर दुपारचा एक तास त्याला द्या. नरहर कुरुंदकर मूळचे आपल्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. त्यांचं सगळं अध्यापन नांदेडला झालं, पीपल्स कॉलेजात ते शिकवायचे आणि पुढं तिथंच प्राचार्य झाले. हे कॉलेज १९५०चं, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं सुरू झालेलं, हैदराबाद मुक्त झाल्यावर मराठवाड्यात शिक्षण आणायच्या धडपडीतून. फाटकाबाहेरून बघितलं तरी चालेल. पण एखाद्या पुस्तकाच्या दुकानात शिरून ‘जागर’ किंवा ‘शिवरात्र’ मागा. वजिराबादेत साड्यांची दुकानं दहा वेळा चढलेल्या माणसानं एकदा पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढायला हरकत नाही. बाकी शहरातलं हिंगोली गेट बघायला म्हणून जाऊ नका, नावापलीकडं आपल्या उपयोगाचं तिथं काही नाही.

चारच्या सुमाराला जुन्या नांदेडात, इतवाऱ्याच्या बाजूनं किल्ल्याकडे निघा. ऑटोनं इतवाऱ्यापर्यंत जा आणि पुढं चाला, कारण या अरुंद गल्ल्यांत वाहन घेऊन फिरण्यात शहाणपण नाही. नंदगिरी किल्ला डोंगरी नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये. गोदावरीनं त्याला तीन बाजूंनी वेढलंय. आत बाग केलेली आहे आणि पाणीपुरवठ्याची जुनी व्यवस्थाही. दौलताबाद किंवा कंधार डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल, तटबंदीचा बराच भाग पडलेला आहे. इथं यायचं ते नदीसाठी. बुरुजाच्या बाजूनं उभं राहिलं की नदीनं शहराला कसं जवळ घेतलंय ते दिसतं. कडेला कठडा नसेल तिथं पोरांचे हात धरा आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. मांसाहारी मंडळींना परतताना इतवाऱ्यात बिर्याणीचा वास अडवेल. गुरुद्वारा झाल्यावर मन तयार असेल तर खुशाल थांबा.

माहूर, सहस्रकुंड, कंधार ही नावं दिवसभरात कुणीतरी काढेलच. ‘इतकं आलोच आहोत तर’ म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला सांगा, माहूर नांदेड जिल्ह्यात असलं तरी नांदेडात नाही. ते तिन्ही वेगवेगळे दिवस आहेत आणि गाडी करूनच व्हायचे. शहरातले सगळे गुरुद्वारे एका दिवसात उरकायचा आग्रहही नको. माता साहिब, हिरा घाट, शिकार घाट, माळटेकडी पुढच्या खेपेला.

परतीचं गणित मात्र सकाळीच करायचं. बसस्टँडवर उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर औंढ्याची शेवटची गाडी विचारा आणि तिच्या आधीची पकडायची असं ठरवा. शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नये, ती भरून येते किंवा येतच नाही. वसमतपर्यंत काही ना काही मिळतं, वसमतहून औंढाही गाठता येतं. अडचण त्याच्या पुढं. रात्री औंढ्यावरून सिद्धेश्वरला काळी-पिवळी मिळेलच असं नाही, म्हणून गावातल्या कुणाला तरी गाडी घेऊन औंढ्याला बोलावून ठेवा. त्याला मात्र सकाळीच सांगावं लागेल तुम्ही कुठं गेलात ते, आणि मग तो म्हणेलच, ‘जाताच आहात तर...’ त्याचं तेवढं एक काम करून टाका.